शरीराला पत्ता पाठ असतो

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ शेपर्ड सीगल यांनी काही उंदरांना हेरॉइनची सवय लावली. दिवसाआड एक इंजेक्शन, आणि मात्रा हळूहळू वाढत जाणारी. हेरॉइन नेहमी एका ठरावीक खोलीत टोचलं जाई. मधल्या दिवशी दुसऱ्या खोलीत नुसतं साखरपाणी मिळे. असं महिनाभर चाललं आणि मग एक दिवस सगळ्यांना हेरॉइनची फार मोठी मात्रा दिली गेली. ज्या उंदरांच्या अंगाला हेरॉइन कधीच लागलं नव्हतं, त्यांच्यातले ९६ टक्के मेले. सवयीच्या उंदरांना ती मात्रा नेहमीच्या खोलीत मिळाली, तेव्हा ३२ टक्के मेले. तितक्याच सवयीचे काही उंदीर साखरपाण्याच्या खोलीत नेले होते. त्यांना तीच मात्रा तिथे टोचली, तर ६४ टक्के मेले. बदलली होती फक्त खोली, आणि मरणाचं प्रमाण दुप्पट झालं होतं.

हा प्रयोग १९८२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो वाचल्यापासून शहरातल्या नशेकडे पूर्वीच्या नजरेने पाहणं मला जमलेलं नाही. आपल्या बोलण्यात नशेच्या गोष्टीत दोनच पात्रं असतात, माणूस आणि पदार्थ. सीगल यांच्या उंदरांनी तिसरं पात्र पुढे आणलं, ते म्हणजे जागा. शहर तर जागांचंच बनलेलं असतं. स्टेशनाची मागची बाजू, पुलाखालचा कोपरा, ठरलेली वेळ, ठरलेले चेहरे. नशा रक्तात भिनते तशी या सगळ्यातही भिनते, आणि शरीर तो पत्ता पाठ करून टाकतं. हे कसं घडतं ते कळत जातं तसं मेंदूच्या करामतीने थक्क व्हायला होतं आणि पोटात गोळाही येतो.

मुळापासून सुरुवात करू. अफू हा झाडाचा चीक. खसखशीच्या हिरव्या बोंडाला चीर दिली की तो पाझरतो. माणसाच्या मेंदूशी त्याचं नातं असायचं कारण काय? १९७३ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवून दिलं की मेंदूतल्या पेशींवर अफूच्या रेणूंना नेमके पकडणारे ग्राहक असतात. त्यातून नवं कोडं उभं राहिलं: निसर्गाने आपल्या डोक्यात अफूची सोय का करून ठेवावी? उत्तर दोन वर्षांत आलं, स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन शहरातून. जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूंतून एक द्रव्य वेगळं काढलं, एन्केफॅलिन. मेंदू स्वतःच अफूसारखी द्रव्यं तयार करतो! ते ग्राहक या घरच्या द्रव्यांसाठी होते. खसखशीच्या झाडात तयार होणारा रेणू त्यांत बसला हा योगायोग.

ही घरची द्रव्यं वेदना बोथट करतात. जखमी माणूस काही काळ धावत राहू शकतो, त्यामागे त्यांचाही हात असतो. त्याहून चटका लावणारी गोष्ट कुत्र्याच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत दिसली. आईपासून दूर केलेली पिल्लं केविलवाणी ओरडतात. त्यांना मॉर्फिनची अगदी बारीक मात्रा दिली की ती शांत होतात. म्हणजे शरीराची वेदना शमवणारी यंत्रणाच एकटेपणाची वेदनाही शमवते. शहरात माणूस नशेकडे का वळतो या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मला या पिल्लांपाशी सापडतं.

हेरॉइन हे मॉर्फिनचंच बदललेलं रूप. लंडनमध्ये १८७४ साली सी. आर. ऑल्डर राइट यांनी ते प्रथम तयार केलं आणि १८९८ पासून जर्मनीची बायर कंपनी ते चक्क खोकल्याचं औषध म्हणून विकू लागली. मॉर्फिनच्या रेणूला दोन छोटे रासायनिक गट जोडले की तो चरबीत सहज विरघळू लागतो. मेंदूभोवतीचा संरक्षक पडदा ओलांडायला नेमकं तेच लागतं. आत शिरल्यावर ते गट गळून पडतात आणि पुन्हा मॉर्फिन उरतं. मुंबईच्या रस्त्यांवर ज्याला गर्द किंवा ब्राउन शुगर म्हणतात, ते अशुद्ध हेरॉइन पन्नीवर ठेवून खालून तापवलं की त्याची वाफ होते. नळीने ओढलेली ती वाफ फुप्फुसांतून काही सेकंदांत मेंदूत पोहोचते. हा वेग फार महत्त्वाचा, कारण कृती आणि सुख यांत जितकं कमी अंतर, तितकी त्यांची गाठ घट्ट बसते.

ही गाठ बसते कुठे, याचा शोध अपघाताने लागला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवून विजेचे हलके झटके देत होते. एका उंदराची तार ठरलेल्या भागात न बसता भलतीकडेच बसली. तो उंदीर ज्या कोपऱ्यात झटका मिळाला होता त्या कोपऱ्यात पुन्हा पुन्हा परत जाऊ लागला. पुढे झटक्यासाठी दांडी दाबायची सोय करून दिली, तेव्हा काही उंदीर तासाला दोन हजारांहून अधिक वेळा ती दाबत राहिले. पाठ्यपुस्तकांत या दांडीचीच गोष्ट सांगतात. मला तो कोपरा अधिक बोलका वाटतो. सुखाच्या यंत्रणेचा पहिला पुरावा मिळाला तोच मुळी एका जागेच्या ओढीतून.

या यंत्रणेचा मुख्य निरोप्या डोपामिन. तो म्हणजेच सुख, असं पूर्वी मानत. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या पेशींची नोंद घेतली तेव्हा निराळंच दिसलं. फळांच्या रसाचा थेंब अनपेक्षित मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळत. मात्र रसाआधी दर वेळी दिवा लागतो हे माकडाला कळल्यावर त्या पेशी दिव्यालाच उसळू लागल्या, आणि रस आला तेव्हा गप्प राहिल्या. खूण हीच घटना बनली. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी त्यापुढे जाऊन दाखवलं की आवडणं आणि हवंसं वाटणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यसनात हवंसं वाटणं वाढत जातं आणि आवडणं कमी होत जातं. मजा कधीच संपलेली असते, तरी पाय तिकडेच वळतात. ‘एवढा त्रास होतो तर सोडत का नाही?’ असं घरचे कळवळून विचारतात तेव्हा त्यांना हा भेद कोणीतरी समजावून सांगायला हवा.

आता शरीराची बाजू. शरीर आपला तोल फार जपतं. हेरॉइन श्वास मंदावतं, आतडी सुस्त करतं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या करतं. शरीर याच्या उलट जोर लावायला शिकतं, म्हणून तेवढ्याच पुडीने पूर्वीचा परिणाम होत नाही आणि मात्रा वाढवावी लागते. एक दिवस पुडी मिळत नाही आणि उलट लावलेला सगळा जोर एकदम उघडा पडतो. जांभया, वाहणारं नाक, अंगावर काटा, जुलाब, मोठ्या झालेल्या बाहुल्या, पोटात पिळवटून येणाऱ्या कळा. मुंबईत याला ‘टर्की’ म्हणतात. यातलं प्रत्येक लक्षण नशेच्या परिणामाच्या बरोबर उलट असतं, कारण ते शरीराने केलेल्या बचावाचं उरलेलं टोक असतं.

आणि हा बचाव शरीर औषध आत येण्याआधीच सुरू करतं! फोडणीचा वास आला की घास तोंडात जाण्याआधी जसं पाणी सुटतं, तसंच हे. पावलोव यांच्या प्रयोगशाळेत रोज मॉर्फिन टोचली जाणारी कुत्री पुढे नुसती सुईची तयारी पाहूनच लाळ गाळू लागत, मळमळल्यासारखं करत. सीगल यांचे उंदीर नेहमीच्या खोलीत का वाचले, ते आता कळतं. खोली दिसताच त्यांच्या शरीराने बचाव उभा केला होता. अनोळखी खोलीत तो इशारा मिळालाच नाही आणि औषध सावध नसलेल्या शरीरावर कोसळलं.

माणसाचंही असंच होतं का? सीगल यांनी १९८६ मध्ये एका कर्करोगाच्या रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. घरी मंद उजेडाच्या खोलीत त्याचा मुलगा त्याला डॉक्टरांनी ठरवून दिलेलं मॉर्फिन टोचत असे. एक दिवस तो रुग्ण दिवाणखान्यात येऊन पडला होता. कळा असह्य झाल्या म्हणून मुलाने तिथेच, लख्ख उजेडात, नेहमीचीच मात्रा दिली. रुग्ण दगावला. एका नोंदीवरून सिद्धांत मांडता येत नाही, तरी उंदरांच्या प्रयोगाशी ती फार जुळते.

या जागेच्या स्मृतीची दुसरी बाजू अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात दिसली. व्यसनी रुग्णांना शहरापासून दूर, शेतीच्या मोकळ्या परिसरात ठेवायचं म्हणून ते १९३५ मध्ये उघडलं होतं. तिथले डॉक्टर एब्राहम विकलर यांच्या लक्षात आलं की महिनोन्‌महिने नशेविना असलेले रुग्ण गटात बसून हेरॉइनच्या गप्पा मारू लागले की जांभया देतात, त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी येतं. काही जण सांगत की घरी परतताना आपल्या जुन्या वस्तीत पाय ठेवताच पुन्हा तोच त्रास सुरू झाला. रक्तात औषधाचा कणही नव्हता. रस्ते पाहून शरीराने जुना बचाव उभा केला होता, आणि झेलायला औषध नसल्यामुळे तो बचावच आजार झाला होता.

हे ध्यानात ठेवून मुंबईकडे पाहू या. कामाठीपुऱ्याजवळच्या शुक्लाजी स्ट्रीटवर एकेकाळी चंडूखाने होते. लाकडी फळ्यांवर आडवं होऊन अफू ओढली जाई. १९८० च्या दशकात अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या बाजूने येणाऱ्या गर्दने ते जग पुसून टाकलं. गर्दला बैठक लागत नाही. पन्नीचा तुकडा, काडेपेटी आणि थोडा आडोसा एवढं पुरतं, आणि शहरात आडोशांना तोटा नाही. नशा चार भिंतींतून रेल्वेरुळांच्या कडेला आणि पुलांखाली आली, म्हणजेच माणसाच्या रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आली. ‘गर्दुल्ला’ हा शब्द मुंबईने त्याच काळात घडवला. तो शब्द ऐकला की आजही मला वाईट वाटतं, कारण त्यात माणूस कुठेच उरत नाही.

देशभरचा अंदाज हवा तर केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाने केलेलं सर्वेक्षण आहे. ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार सुमारे २.२६ कोटी भारतीय अफूजन्य पदार्थ वापरत होते, आणि अफूला मागे टाकून हेरॉइन पुढे गेलं होतं. दारू पिणारे १६ कोटी होते. गर्दची चर्चा करताना हा दारूचा आकडा डोळ्यांआड होऊ देऊ नये.

पण सगळे जण यात का सापडत नाहीत? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून व्यसनाच्या धोक्यातला साधारण निम्मा वाटा आनुवंशिक असतो असं मानतात. वयाचाही वाटा मोठा. मनाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, त्यामुळे चौदाव्या वर्षी सुरू झालेली नशा आणि तिशीत सुरू झालेली नशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उरलेला वाटा परिस्थितीचा, आणि तो माकडांनी फार स्पष्ट दाखवला. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात मायकेल नेडर यांच्या गटाने आधी एकेकटी ठेवलेली माकडं चार-चारच्या टोळ्यांत सोडली. थोड्याच काळात मानाची उतरंड ठरली. वरचढ ठरलेल्या माकडांच्या मेंदूत डोपामिनच्या एका ग्राहकाचं प्रमाण वाढलं, दबलेल्यांचं वाढलं नाही. मग कोकेन समोर ठेवलं, तेव्हा दबलेल्या माकडांनी ते जास्त घेतलं. टोळीत सोडण्याआधी त्यांच्यात हा फरक नव्हता. सन २००२ चा हा अभ्यास वाचताना मला आठवतात ती गावाहून एकटी आलेली, ठेकेदाराच्या शिव्या खात चाळीच्या खोलीत दहा जणांत झोपणारी पोरं. गर्दीतला एकटेपणा आणि पायरीवरचं सर्वांत खालचं स्थान या नुसत्या भावना नाहीत. मेंदूत त्यांची रासायनिक नोंद होते.

शहरात सर्वांत लवकर बळी पडतात ती स्टेशनांवरची मुलं. त्यांच्या हातात गर्द नसतं. पंक्चरचं सोल्युशन किंवा व्हाइटनरचा थिनर रुमालावर ओतून ती हुंगतात. भूक मरते, थंडी वाजेनाशी होते, रात्रीची भीती जाते. यातलं टोल्युइनसारखं द्रावक चरबीत विरघळतं. मेंदूतल्या तारांवरचं वेष्टण चरबीचंच असतं, त्यामुळे वर्षानुवर्षं हुंगणाऱ्यांचे हात थरथरतात, चाल बिघडते, स्मरण ढासळतं. मला सर्वांत हादरवणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. हुंगलेल्या द्रावकामुळे हृदय ॲड्रेनलिनला विलक्षण हळवं होतं. अशा वेळी मूल दचकलं, जिवाच्या आकांताने पळालं, तर ॲड्रेनलिनच्या एका लाटेने हृदयाची लय तुटते आणि ते जागीच कोसळतं. अमेरिकेत मिलार्ड बास यांनी १९७० साली अशा ११० आकस्मिक मृत्यूंची नोंद केली होती. म्हणून रुमाल नाकाला लावलेल्या मुलावर ओरडू नये, त्याच्या मागे धावू नये. हळू आवाजात बोलून त्याला बसवावं.

एमडी म्हणजे मेफेड्रोन याचा मार्ग आणखी वेगळा. हे रसायन १९२९ मध्येच तयार झालं होतं. आपल्याकडे ते अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत २०१५ साली आलं. त्याला शेत लागत नाही, सीमेपारची वाट लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी मोठा साठा पकडला तो कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतला. एमडीचा परिणाम लवकर ओसरतो, म्हणून एका रात्रीत पुन्हा पुन्हा घेतली जाते. झोप उडते, अंग तापतं, हृदय भरधाव धावतं, आणि काहींना कोणीतरी पाठलाग करतंय असं वाटू लागतं.

जागा बदलली तर सुटका होते का? व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी अभ्यास केला. तिथे असताना सुमारे २० टक्के सैनिक अफूजन्य नशेच्या आहारी गेले होते. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातल्या जेमतेम ५ टक्क्यांना पुन्हा व्यसन जडलं. भीती, कंटाळा, स्वस्त हेरॉइन, तो सगळा मुलूखच मागे राहिला होता. पण मुंबई-पुण्याच्या रुग्णाची वाट नेमकी उलटी असते. तो बरा होतो दूर कुठेतरी केंद्रात, आणि परततो जिथे नशा शिकला त्याच नाक्यावर.

पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने हे फार आधी ओळखलं असं मला वाटतं. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यावर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले आणि १९८६ मध्ये डॉ. सुनंदा अवचट यांनी हे केंद्र उभं केलं. पाच आठवडे उपचार, आणि त्यानंतर पाठपुरावा. पत्नीशी, आईवडिलांशी बोलणं, पुन्हा घसरलेल्याला पुन्हा दारात घेणं. मार्को व्हेनिरो यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं की नशेला चटावलेल्या उंदरांनाही नशा किंवा दुसऱ्या उंदराचा सहवास यांतलं एक निवडायला दिलं, तर ते जवळजवळ दर वेळी सहवास निवडतात. सुनंदाताईंना यासाठी उंदरांच्या पुराव्याची गरज पडली नव्हती.

केंद्रातून सुटण्याचा दिवस आनंदाचा, आणि सर्वांत धोक्याचाही. शरीर पूर्वीइतका उलटा जोर लावायचं विसरलेलं असतं. ओढ मात्र जुन्या नाक्यावर जशीच्या तशी जागी होते. माणूस जुनीच मात्रा घेतो. आपल्या मेंदूच्या देठात काही हजार पेशींचा एक ठिपका श्वासाची लय धरून असतो, आणि अफूचे ग्राहक त्यांच्यावरही असतात. लय मंदावते, ओठ निळे पडतात, घशातून घरघर येते. घरच्यांना वाटतं, गाढ झोपलाय. तुरुंगातून सुटलेल्यांचंही तेच. पहिले दोन आठवडे सर्वांत घातक असतात.

यावर उतारा आहे, नॅलोक्झोन. १९६१ पासून तो ठाऊक आहे. तो त्याच ग्राहकांवर जाऊन अफूच्या रेणूला हुसकावतो, आणि काही मिनिटांत निळा पडलेला माणूस श्वास घेऊ लागतो. त्याचा असर हेरॉइनच्या आधी ओसरू शकतो, म्हणून १०८ ला फोन करायचा, माणसाला कुशीवर वळवायचं, श्वास थांबला असेल तर तोंडाने द्यायचा, आणि रुग्णालय गाठायचंच. ज्यांच्या डोळ्यांदेखत असा प्रसंग घडू शकतो त्या नातलगांना, मित्रांना नॅलोक्झोन द्यावं आणि वापरायला शिकवावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं आहे. आपल्याकडे व्यसनमुक्ती केंद्रातून घरी सोडताना आईच्या हातात गोळ्यांची चिठ्ठी आणि पुढची तारीख दिली जाते. त्यासोबत ही कुपी आणि ती टोचायची अर्ध्या तासाची शिकवणी दिली गेली पाहिजे. शिवाय तिला हेही सांगितलं पाहिजे की मुलगा पुन्हा घसरला तर त्याची पूर्वीची मात्रा आता त्याच्यासाठी विष आहे.